पाटीवरचं शहर, तोंडातलं शहर

जुगारखान्यांच्या ज्या झगमगत्या रस्त्यामुळे लास वेगास जगभर ओळखलं जातं, तो रस्ता बहुतांशी लास वेगास शहरात नाही. त्याचा मोठा भाग पॅरडाइज नावाच्या वस्तीत येतो. १९५० साली तो पट्टा शहराच्या हद्दीत ओढून त्यावर कर बसवायच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा कसिनोवाल्यांनी काउंटीत आपलं वजन वापरून ही वेगळी वस्ती जाहीर करून घेतली. हद्द अडली, कर टळला. विमानतळ पॅरडाइजमध्ये आहे. लास वेगासचं नाव लावणारं विद्यापीठ पॅरडाइजमध्ये आहे. पर्यटक जिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात ती १९५९ सालची ‘लास वेगासमध्ये स्वागत’ करणारी पाटीसुद्धा पॅरडाइजमध्येच. टपाल खातं मात्र या साऱ्या पत्त्यांवर खुशाल लास वेगास लिहू देतं. कर गोळा करणाऱ्याच्या लेखी ते लास वेगास नव्हे, पत्र पोचवणाऱ्याच्या लेखी आहे, आणि तिथे पैसे हरून आलेल्या माणसाला हा वाद ठाऊकही नसतो.

हे पुस्तक अशा फटींविषयी आहे. शहराचं कागदोपत्री नाव एक असतं आणि बोलण्यातलं दुसरं, एवढं कुणीही सांगेल. त्यापुढचा प्रश्न अधिक चिवट आहे: कागद कोणाचा? राजाच्या सनदेतलं नाव, महापालिकेच्या शिक्क्यावरचं, रेल्वेच्या पाटीवरचं, विमानाच्या तिकिटावरचं, वर्तमानपत्राच्या शैलीपुस्तिकेतलं, ही सगळी आपापल्या जागी अधिकृतच असतात आणि पुष्कळदा एकमेकांशी जुळत नाहीत. फ्रेंचांची अकादमी आहे तशी इंग्रजीला भाषेची कचेरी नाही. त्यामुळे ‘इंग्रजीत या शहराचं खरं नाव काय?’ या प्रश्नाला उत्तर देणारा एक धनीही नाही. माझं म्हणणं असं, की तो प्रश्नच सोडून द्यावा. हे नाव कोण, कुठल्या कागदावर, किती जमिनीसाठी आणि कुणाच्या कानावर पडावं म्हणून वापरतो, असं विचारलं की बरेच गुंते सुटतात. जे सुटत नाहीत ते निदान कुठे बसले आहेत ते दिसतं.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटायचं कारण नाही. १९९५ साली ‘बॉम्बेचं मुंबई झालं’ असं आपण सर्रास म्हणतो. मराठीत त्या वर्षी काहीही झालं नाही. घाटावरून गिरणीत आलेला कामगार, कोकणातून बोटीने उतरलेली बाई, गिरगावातला कारकून, सगळे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईलाच येत होते. बदल झाला तो इंग्रजीत, आणि सरकारी हिंदीतल्या ‘बम्बई’त. म्हणजे मुंबईचं नामांतर ही मुळात इंग्रजी भाषेतली घटना होती, आणि ती इंग्रजी न बोलणाऱ्यांच्या आग्रहामुळे घडली. तीस वर्षं झाली तरी तिच्यावरचे वाद इंग्रजीतच चालतात, ते त्यामुळेच. या शहराच्या लोकलने रोज जाणारा माणूस एकाच पाटीवर शीव आणि सायन, वांद्रे आणि बांद्रा वाचत मोठा होतो. एका जागेला एकाहून जास्त नावं असतात आणि ती सगळी चालतात, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

तरीही हे पुस्तक मुंबईपासून सुरू होत नाही, कारण गोष्ट इंग्रजीची आहे आणि इंग्रजीची स्वतःची घरं आधी पाहायला हवीत. लंडनच घ्या. ‘सिटी ऑफ लंडन’ नावाचं जे शहर आहे ते सव्वा चौरस मैलाहूनही लहान. तिथे राहणारे लोक जेमतेम काही हजार. त्याचा लॉर्ड मेयर वेगळा, पोलीस दल वेगळं. ज्याला आपण लंडन म्हणतो ते म्हणजे ग्रेटर लंडन. त्याची आजची हद्द १९६५ची, त्याच्या निवडून येणाऱ्या मेयरची पहिली निवडणूक २००० सालची, आणि गंमत अशी की या एवढ्या मोठ्या लंडनला कायद्याने ‘शहर’ हा दर्जाच नाही. त्याच्या पोटात दोन शहरं आहेत: सिटी ऑफ लंडन आणि सिटी ऑफ वेस्टमिन्स्टर. संसद, बकिंगहम राजवाडा, ट्रफाल्गर चौक हे सगळं दुसऱ्यात येतं. लंडनमधला माणूस ‘मी सिटीत काम करतो’ म्हणाला, तर तो बँकेत, दलालीत किंवा विम्यात आहे असं समजायचं.

ब्रिटनमध्ये शहर असणं ही लोकसंख्येची बाब नाही, राजाच्या कृपेची आहे. दोन हजारांहून कमी वस्तीचं वेल्समधलं सेंट डेव्हिड्स शहर आहे, आणि लाखावर वस्तीचं रेडिंग नाही. रॉचेस्टरची कथा तर कचेरीतल्या कारकुनांना वाचून दाखवावी अशी. शतकानुशतकं शहर असलेल्या या गावाचा दर्जा १९९८च्या पुनर्रचनेत गेला, कारण तो जपण्यासाठी जी नेमणूक करायची असते ती करायचंच राहून गेलं. ही गोष्ट तिथल्या कारभाऱ्यांच्या ध्यानात आली २००२ साली. मधली चार वर्षं लोक निर्धास्तपणे ‘आमचं शहर’ म्हणत राहिले. आजही म्हणतात.

नावं लांबवणं हे सनदांचं काम आणि तोडणं हे जिभेचं. पहिल्या एडवर्डने १२९९ साली सनद देऊन एका बंदराला ‘किंग्स्टन अपॉन हल’ केलं. सनदेत राजा आधी आला आणि नदी नंतर. लोकांनी राजा गाळला, नदी ठेवली. विद्यापीठ हलचं, फुटबॉलचा संघ हल सिटी. पूर्ण नाव आता फक्त औपचारिक कागदांत आणि काही पाट्यांवर भेटतं. न्यूकॅसल अपॉन टाइनचं उलट झालं, तिथे नदीच गळाली. बर्मिंगहमला तिथले लोक ‘ब्रम’ म्हणतात, आणि ते आळसातून आलेलं नाही: ‘ब्रमाजम’ हा त्या नावाचा जुना उच्चार होता, त्याचं ते शेपूट. ब्रायटन आणि होव्ह ही दोन गावं जोडून एक शहर करण्यात आलं, पण होव्हच्या माणसाला ‘ब्रायटनला राहता ना?’ असं विचारलं की तो ‘होव्ह, खरं तर’ असं उत्तर देतो, अशी तिथे थट्टा आहे. पुण्याजवळ राहणाऱ्या पिंपरी-चिंचवडकरांना यात नवं काही वाटणार नाही.

या साऱ्यांत एका शहराजवळ मात्र थांबावं लागतं. उत्तर आयर्लंडमधल्या डेरीचं मूळ नाव आयरिश. त्याचं इंग्रजी रूप डेरी. १६१३ साली पहिल्या जेम्सच्या सनदेने लंडनच्या व्यापारी संघांना तिथे वसाहत बांधायला दिली आणि नावाच्या डोक्यावर लंडन बसलं. तेव्हापासून आयरिश राष्ट्रवाद्यांसाठी ते डेरी आणि ब्रिटनशी जोडून राहू पाहणाऱ्यांसाठी लंडनडेरी, असा ढोबळ हिशेब सांगितला जातो. १९८४ साली तिथल्या परिषदेने स्वतःचं नाव ‘डेरी सिटी कौन्सिल’ केलं. परिषदेचं नाव बदललं, शहराचं नाही. २००७ साली न्यायालयाने सांगितलं की कायद्याने शहर लंडनडेरीच आहे. म्हणजे लंडनडेरी या शहराचा कारभार डेरीची परिषद पाही. रस्त्यावरच्या पाट्यांवरचं ‘लंडन’ रंगाने खोडलेलं दिसणं ही तिथली नित्याची बाब. रेडिओवरच्या एका विनोदी निवेदकाने दोन्ही नावांमधल्या तिरप्या रेघेवरून शहराला ‘स्ट्रोक सिटी’ म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव रुळलं. २०१३ साली ब्रिटनचं सांस्कृतिक शहर म्हणून मिरवताना दोन्ही नावं एका नागमोडी चिन्हाने जोडून छापली गेली. बीबीसीच्या शैलीपुस्तिकेने आपला मार्ग काढला: पहिल्या उल्लेखाला लंडनडेरी, पुढे डेरी चालेल.

इथपर्यंत सगळं दोन छावण्यांत नीट बसतं. पण या शहराच्या १६८८-८९च्या वेढ्याची आठवण जपणारी, कट्टर प्रॉटेस्टंट आणि ब्रिटननिष्ठ अशी जी संघटना आहे तिचं नाव ‘अप्रेंटिस बॉइज ऑफ डेरी’. त्यांच्यातली माणसं घरात डेरीच म्हणतात, परक्यासमोर लंडनडेरी. बोलण्यातलं नाव ही नुसती सोय नसते. आपण कुणासमोर उभे आहोत याचा तो अंदाज असतो. हे डेरीइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही, म्हणून या पुस्तकात ते पुन्हा पुन्हा येतं.

अमेरिकेत नावांना सनदेपेक्षा कचेरीने जास्त छळलं. पश्चिमेकडे सरकणाऱ्या त्या देशाचे नकाशे एकमेकांशी जुळेनात, म्हणून राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी १८९० साली भौगोलिक नावांचं मंडळ नेमलं. मंडळाने सोपेपणाचा झाडू हातात घेतला आणि पिट्सबर्गच्या स्पेलिंगमधलं शेवटचं ‘एच’ अक्षर १८९१ साली उडवलं. शहराने ते सोसलं नाही. पत्रं, निषेध, काही वर्तमानपत्रं एका बाजूला तर काही दुसऱ्या, असं वीस वर्षं चालल्यावर १९११ साली ते अक्षर परत मिळालं. उच्चारात त्याचा पत्ता नसलेल्या एका अक्षरासाठी लोक इतके का भांडले, हे बाहेरच्याला कळणार नाही. वेलांटी-उकारावरून भांडणाऱ्या मराठी माणसाला कळेल.

न्यूयॉर्कची कथा हद्दीची. १८९८पर्यंत ब्रुकलिन हे स्वतंत्र शहर होतं. त्या वर्षी पाच विभाग जोडून आजचं न्यूयॉर्क झालं. कागदावर पाचही न्यूयॉर्क. तरी क्वीन्समधला माणूस आजही ‘सिटीत जातो’ म्हणतो तेव्हा तो मॅनहॅटनला निघालेला असतो. टपालाचे पत्तेही त्याचीच बाजू घेतात: मॅनहॅटनच्या पत्त्यावर न्यूयॉर्क लिहितात, क्वीन्सच्या पत्त्यावर फ्लशिंग किंवा अस्टोरिया. बोरिवलीचा मुलगा ‘टाउनला जातो’ म्हणतो तो याच जातीचा प्रयोग. सान फ्रान्सिस्कोला ‘फ्रिस्को’ म्हणू नये असं तिथले प्रतिष्ठित लोक बजावत आले. स्तंभलेखक हर्ब केन यांनी १९५३ साली त्या अर्थाचं शीर्षक असलेलं पुस्तकच काढलं. पण त्याच शहरातल्या गोदी कामगारांच्या आणि कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये फ्रिस्को हे आपलं, घरचं नाव होतं. बाहेरचा म्हणतो म्हणून जे वर्ज्य, ते आतला गरीबही म्हणतो, हे प्रतिष्ठितांनी पाहिलं नाही. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनी या वादातून वेगळीच सुटका करून घेतली आहे. ती सगळीच ‘बे एरियात’ राहतात.

आतापर्यंतची शहरं इंग्रजी बोलणाऱ्यांचीच होती. खरी पंचाईत होते ती दुसऱ्याच्या शहराला इंग्रजीत काय म्हणायचं यावर. अभ्यासक बाहेरच्यांनी दिलेल्या नावाला ‘एक्झोनिम’ आणि तिथल्यांच्या नावाला ‘एन्डोनिम’ म्हणतात. हे शब्द उपयोगी आहेत, पण ते नावांना घरची आणि परकी अशा दोन रांगांत उभं करतात, आणि नावं त्या रांगांत उभी राहत नाहीत. पेकिंग हे परक्यांनी बिघडवलेलं नाव समजलं जातं. प्रत्यक्षात त्यातला ‘क’ हा चिनी भाषेतल्याच जुन्या उच्चाराचा अवशेष आहे. उत्तरेकडच्या बोलीत तो पुढे बदलला, युरोपी लेखणीत टिकून राहिला. चीनने १९५८ साली पिनयिन ही रोमन लेखनपद्धत स्वीकारली, १९७९च्या जानेवारीपासून आपल्या परदेशी भाषांतल्या प्रकाशनांत ती लागू केली, आणि इंग्रजी वर्तमानपत्रं हळूहळू बीजिंगवर आली. विद्यापीठाने मात्र आपलं इंग्रजी नाव पेकिंग असंच ठेवलं. हॉटेलातलं बदक पेकिंगचं राहिलं, आणि विमानतळाची तीन अक्षरंही जुन्याच नावाची. शिवाय इंग्रजी बोलणारे बीजिंगमधला ‘ज’ फ्रेंच वळणाने घासून म्हणतात, तो चिनी उच्चाराच्या जवळपासही नाही. स्पेलिंग सुधारलं, तोंड आपल्या वाटेने गेलं.

सायगावचं नाव १९७६ साली हो चि मिन्ह सिटी झालं. तिथले लोक आजही मोकळेपणाने सायगाव म्हणतात, आणि त्यात बंडखोरी असतेच असं नाही. चार शब्दांपेक्षा एक बरा, एवढंही कारण पुरतं. बँकॉक हे नाव थायी माणूस आपल्या शहराला लावत नाही, तो क्रुंग थेप म्हणतो. २०२२ साली तिथल्या ‘रॉयल सोसायटी’ने इंग्रजी लेखनात क्रुंग थेप महानखोन पुढे आणि बँकॉक कंसात, असा क्रम सुचवला, आणि जगभर हलकल्लोळ उठला. दोन्ही चालेल असं सरकारला लगेच सांगावं लागलं. कझाकस्तानची राजधानी २०१९ साली अस्तानाची नूर-सुलतान झाली आणि २०२२ साली पुन्हा अस्ताना. मधल्या काळात छापलेल्या नकाशांचं काय झालं असेल, हा विचार मला उगाच छळतो.

किव्हचं इंग्रजी स्पेलिंग बदलणं हे या विषयातलं अलीकडचं सर्वांत बोलकं प्रकरण. युक्रेनने नव्वदीच्या दशकातच आपल्या भाषेवरून आलेलं रूप ठरवलं होतं, पण जग रशियनवरून आलेलं लिहीत राहिलं. २०१८ साली तिथल्या परराष्ट्र खात्याने मोहीम उघडली. पुढच्या वर्षी अमेरिकी नाव-मंडळाने जुनं रूप यादीतून काढलं, असोसिएटेड प्रेस आणि बीबीसी त्याच वर्षी वळले. २०२२च्या आक्रमणानंतर तर स्पेलिंग हीच बाजू घेण्याची खूण झाली. याउलट व्हिएन्ना, म्युनिक, फ्लॉरेन्स, वॉर्सा यांच्याकडे पाहा. यांपैकी एकही नाव त्या त्या गावात चालत नाही. तरी त्यांना इंग्रजी वर्तमानपत्रांच्या कचेरीबाहेर मोर्चा काढावासा वाटत नाही. नाव चुकीचं आहे म्हणून कुणी भांडत नसतं. नावामागे कुणाची सत्ता होती, आणि ती जाऊन किती दिवस झाले, यावर भांडण ठरतं.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांचे ढोबळमानाने चार कळप आहेत, आणि ते एकमेकांची पुस्तकं क्वचितच वाचतात. पहिला कळप नावांची शिस्त लावणाऱ्यांचा, आणि त्याची एक मोठी शाखा हिंदुस्थानातच वाढली. विल्यम जोन्स यांनी १७८८ साली आशियाई शब्द रोमन अक्षरांत कसे लिहावेत यावर निबंध छापला. गिलख्रिस्ट यांची पद्धत वेगळी होती, आणि दोन्ही बाजूंचे साहेब अनेक दशकं कागदावर लढले. शेवटी विल्यम विल्सन हंटर यांनी १८७०च्या सुमारास तडजोड काढली: नावं जोन्सच्या वळणाने लिहायची, पण कलकत्ता, बॉम्बे, मद्रास, लखनौ यांसारखी वहिवाटीने पक्की झालेली इंग्रजी रूपं सोडून द्यायची. लहान गावाला शास्त्र, मोठ्या शहराला सूट. स्वातंत्र्यानंतर ज्या नामांतरांवर इतकी शाई सांडली, त्यांतली कितीतरी म्हणजे हंटर यांनी सोडून दिलेलं काम पुरं करणं होतं, असं मला वाटतं. कॉनपोरचं कानपूर, पूनाचं पुणे, ठाण्याच्या इंग्रजी रूपातला बदल, ही त्यातलीच. पुढे ब्रिटनमध्ये १९१९ साली नावांची स्थायी समिती झाली, संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद १९६७ साली जिनिव्हात भरली, आणि १९७२च्या लंडन परिषदेपासून एक्झोनिमं कमी करण्याचा आग्रह सुरू झाला. या कळपाला एका जागेचं एकच नाव हवं असतं. जहाजं, सैन्य आणि मदतकार्य यांच्यासाठी ते रास्तही आहे.

दुसरा कळप व्युत्पत्तिकारांचा. १९२३ साली स्थापन झालेल्या इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीने एकेका परगण्याची नावं जुन्या दस्तांतून खणून काढायला घेतली, आणि ते काम अजून संपलेलं नाही. त्यांची विद्वत्ता अफाट. पण नाव जन्मलं कसं हे सांगताना ते आज कोण कसं वापरतो याकडे त्यांची पाठ असते. अमेरिकेत जॉर्ज स्टुअर्ट यांनी १९४५ साली नावांचा इतिहास कादंबरीसारखा लिहिला. या सबंध विषयातलं मला सर्वांत आवडणारं पुस्तक तेच. तिसरा कळप १९८०नंतरचा, नावांकडे सत्तेचं हत्यार म्हणून पाहणारा. बर्लिनच्या रस्त्यांची नामांतरं अभ्यासणारे माओझ अझार्याहू, ‘क्रिटिकल टोपोनिमीज’ हा २००९चा लेखसंग्रह, ही त्यांची ठिकाणं. त्यांनी मोठं काम केलं, मात्र कधीकधी त्यांना सत्तेशिवाय काही दिसत नाही. किंग्स्टन अपॉन हलमधला किंग्स्टन कुणी उलथून टाकला नाही. तो लांब होता म्हणून गळाला. चौथा कळप लहान आणि विखुरलेला: बोलण्यातली नावं ऐकणारे, टोपणनावं टिपणारे, वर्तमानपत्रांचे उपसंपादक, बोलींचे अभ्यासक. त्यांची शाखा विद्यापीठात कुठल्या विभागात बसवावी हे अजून ठरलेलं नाही. हे पुस्तक त्यांच्या बाजूला झुकलेलं आहे.

आता मुंबई. १९९५नंतर विद्यापीठ मुंबईचं झालं, विमानतळ आणि व्हीटी स्थानकाला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं, महापालिका बृहन्मुंबई झाली आणि इंग्रजीत तिची तीन आद्याक्षरं तीच राहिली. उच्च न्यायालय मात्र १८६२पासून इंग्रजीत बॉम्बेच आहे. नाव बदलण्याचं विधेयक २०१६ साली लोकसभेत मांडलं गेलं, त्याचा कायदा झाला नाही. त्याच न्यायालयाच्या मराठी कागदांवर ‘मुंबई उच्च न्यायालय’ असतं आणि कुणाचा खोळंबा होत नाही. आयआयटी बॉम्बे, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, बॉम्बे जिमखाना ही नावं तशीच. १९५२ साली भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला दुर्मीळ रक्तगट जगाच्या वैद्यकात ‘बॉम्बे’ नावाने गेला, तो कुठलं विधानमंडळ बदलणार? २०१६च्या फेब्रुवारीत लंडनच्या ‘इंडिपेंडंट’ने पुन्हा बॉम्बे लिहायचं ठरवलं, तेव्हा बॉम्बे म्हणणं उदारमतवादाची खूण म्हणून मांडलं गेलं. लंडनमध्ये बसून हे म्हणणं सोपं होतं. शहरातल्या पुष्कळ लोकांनी ते नाव कधी उच्चारलंच नव्हतं, हे त्या चर्चेत फारसं आलं नाही. दुसऱ्या बाजूने, कुलाब्यातला पारशी किंवा वांद्र्याचा ईस्ट इंडियन माणूस बॉम्बे म्हणतो तेव्हा त्याला देशद्रोही ठरवणंही तितकंच पोकळ. ते त्याच्या आजीच्या तोंडातलं नाव असतं.

गोव्यात हाच खेळ तीन भाषांत चालतो. राजधानी कागदावर पणजी, इंग्रजी बोलणाऱ्या गोयंकाराच्या तोंडी पंजिम. नगरपालिकेचं मारगाव आणि रेल्वेचं मडगाव ही एकाच गावाची नावं आहेत हे नवख्या प्रवाशाला कुणीतरी सांगावं लागतं. कर्नाटकाने २०१४ साली बारा शहरांची इंग्रजी रूपं बदलली. बंगळूर, म्हैसूर यांच्याबाबत इंग्रजी बोलणाऱ्यांनी कुरकुर केली. बेळगावचं बेळगावी झालं तेव्हा मात्र मराठी माणसासाठी प्रश्न स्पेलिंगचा नव्हता, सीमाभागात नाव ही भूमिका असते. तामिळनाडूने २०२० साली हजाराहून अधिक गावांची इंग्रजी रूपं तामिळ उच्चाराबरहुकूम ठरवली, त्यांतली काही इतकी लांब आणि अनोळखी होती की लोक हसले, आणि काही दिवसांत आदेश मागे घ्यावा लागला. उदगमंडलम हे अधिकृत नाव असून उटी कुणी सोडलेली नाही. आपणही बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर म्हणतोच. गायकवाड, होळकर, शिंदे आणि भोसले यांच्या राजधान्यांची ती मराठी नावं आहेत, आणि वडोदरा म्हणण्याची सक्ती आपल्यावर अजून कुणी केलेली नाही. बँकेने आणि सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठानेही इंग्रजीत बडोदाच ठेवलं आहे.

महाराष्ट्रात औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, पाठोपाठ अहमदनगरचं अहिल्यानगर. या नामांतरांच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणारे पुष्कळ आहेत, त्यांत मी इथे भर घालत नाही. माझं लक्ष जातं ते इंग्रजीतल्या वापराकडे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस चार अक्षरांत आवळलं गेलं, छत्रपती संभाजीनगर तीन अक्षरांकडे चाललं आहे. नाव देताना ज्यांचा मान राखायचा असतो ते लघुरूपात सगळ्यांत आधी दिसेनासे होतात. नाव ठरवणाऱ्या समित्यांनी एकदा तरी ते घाईत, गर्दीत, फोनवर उच्चारून पाहावं.

हा विषय आत्ताच का, याचं उत्तर पुष्कळसं यंत्रांत आहे. पूर्वी दोन नावं सुखाने नांदत, कारण त्यांच्यामध्ये माणूस होता: पोस्टमन, तिकीट देणारा, कारकून. त्याला दोन्ही नावं ठाऊक असत. आता मध्ये संगणकाचा रकाना आहे. जन्मदाखल्यावर बॉम्बे आणि पारपत्रावर मुंबई असलेल्या माणसाला परदेशी व्हिसाच्या अर्जात शहर निवडायची यादी येते, तिथे त्याने काय निवडावं? फोनवरचा नकाशा बघणाऱ्याची भाषा आणि देश पाहून नाव बदलतो, त्यामुळे शेजारी बसलेल्या दोघांना एकच गाव वेगळ्या नावाने दिसू शकतं. विमानतळांची तीन अक्षरं मात्र बॉम्बे, मद्रास, कलकत्ता, पेकिंग, सायगाव आणि लेनिनग्राड यांना धरून बसली आहेत. नामांतराचा एवढा मोठा इतिहास सामानाच्या चिठ्ठीवर छापून मिळतो, तो कुणी वाचत नाही.

या पुस्तकाने काय केलं आहे आणि काय नाही, तेही सांगून टाकतो. यात देश, नद्या आणि रस्ते नाहीत. ते घेतले असते तर पुस्तक संपलं नसतं. प्रत्येक शहराच्या नावाची व्युत्पत्ती शोधण्याचा खटाटोपही नाही. जिथे ती वादग्रस्त आहे तिथे वाद आहे एवढंच म्हटलं आहे. कुठलं नाव वापरावं याचा निवाडा वाचकाला इथे मिळणार नाही, आणि तो देणं माझं कामही नाही. मिळेल ती नावांच्या कारभाराची माहिती: सनद कोण देतं, मंडळ कसं ठरवतं, आपल्याकडे राज्याचा प्रस्ताव केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाऊन रेल्वे, टपाल आणि सर्वेक्षण खात्याचं मत का घेतलं जातं, उपसंपादकाच्या टेबलावर काय घडतं. आणि त्या कारभाराला न जुमानणारी तोंडं.

लेखनाबद्दल दोन शब्द. शहरांची नावं मराठीत जशी रूढ आहेत तशीच लिहिली आहेत, म्हणून पॅरिसचं पारी किंवा बडोद्याचं वडोदरा केलेलं नाही. जिथे चर्चाच इंग्रजी रूपाची आहे तिथे ते रूप त्याच्या इंग्रजी उच्चाराप्रमाणे दिलं आहे. त्यामुळे एकाच पानावर मुंबई आणि बॉम्बे, पुणे आणि पूना दिसतील, ती मुद्रणाची चूक नव्हे. डेरीबाबत बोलणारा जे नाव घेतो तेच त्याच्या तोंडी ठेवलं आहे, माझ्या निवेदनात मात्र डेरी आहे, कारण तो शब्द लहान आहे. सूचीत सगळी नावं आहेत. एकाखाली सापडलं नाही तर दुसऱ्याखाली पाहावं.